परतीचे मुक्काम

१

फूटपट्टीचा एक नियम होता. प्रवास आखायचा तो उलटा: आधी यायचं ठरवायचं, मग जायचं.

त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर फारसं कुणी वापरलं नव्हतं. पूल बांधणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं नकाशे आखण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही पावाचे काप सारख्या जाडीचे पडले नाहीत तर त्याला घास गोड लागत नसे. बायको मोटार शिकवायच्या शाळेत होती. तिला गावभर मास्तरीणच म्हणत. सव्वीस वर्षं ती नवशिक्यांच्या शेजारी, पायाखाली जादा ब्रेक ठेवून बसत आली होती. त्यामुळे तिचा विश्वास कुणावरच नव्हता, पण राग कुणाचा येत नसे.

"जाणारा कसाही जातो गं," फूटपट्टी सांगायचा. "अंगात जोर असतो, रस्ता चुकला तरी हसतो. येणारा दमलेला असतो. त्याच्यासाठी जागा आधी धरून ठेवावी."

"आणि जाणंच झालं नाही तर?"

"तर यायचा त्रास वाचला!"

या वर्षीचा बेत मोठा होता. बावीस दिवस, स्वतःची व्हॅन, रोज नव्या जागी तंबू, आणि सगळ्यात लांबचं टोक म्हणजे मिठाचं तळं. तिथे संध्याकाळी पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून तो त्या तळ्याच्या नादी लागला होता. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याने चार हात लांब कागद चिकटवला. परतीचे पाच मुक्काम लाल पेन्सिलीने आधी मांडले: मिठाचं तळं, धरण, सुरूचं बन, पवनचक्क्या, आणि शेवटचं पेट्रोल पंपामागचं कुरण. त्यांच्या जागा फोन करून पक्क्याही केल्या. जाण्याचे मुक्काम निळ्या पेन्सिलीने नंतर आले, आणि ते, धरलेल्या जागांसकट, रोज बदलायचे.

मुलगी दूरच्या शहरातून फोनवर हसायची. "आई, तुम्ही सहलीला चाललाय की चढाईला?"

"मी गाडी चालवणार, बाबा नकाशा बघणार. चढाई मला, सहल त्यांना," मास्तरीण म्हणायची.

२

मग एके दिवशी जिना चढताना फूटपट्टी मधल्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या रेघा बघितल्या. ठोके मधूनच चुकतात म्हणाल्या. गोळ्या दिल्या, फिरायला सांगितलं, जड उचलू नका म्हणाल्या. आणि प्रवास? त्यांनी चष्मा काढला. "दवाखाना तासाभराच्या आत असेल तिथवर जा. त्यापुढे मी हो म्हणणार नाही."

मग बेत पुन्हा आखला. बावीस दिवसांचे बारा झाले, बाराचे पाच. फूटपट्टी रोज नवा रस्ता काढायचा, मास्तरीण रोज दवाखान्यांची अंतरं काढायची, आणि रोज रात्रीच्या जेवणाला दोघं तोंडं फिरवून बसायची. मिठाच्या तळ्यापासून सगळ्यात जवळचा दवाखाना सात तासांवर होता.

"अगं, एवढं सगळं तयार आहे. व्हॅनमध्ये झोपायची फळी बसवली, पडदे शिवले."

"अहो, पडद्यांचं काय घेऊन बसलात? मला तुम्ही हवे आहात, तळं नको!"

हे ती एवढ्या जोरात म्हणाली की दोघंही दचकली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि असलं काही बोलायची घरात पद्धत नव्हती. तो उठला, भिंतीशी गेला, आणि रबर शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारभर तो फोन करत बसला. "हो, रद्दच. नाही, तब्येतीचं कारण." प्रत्येक फोननंतर कागदावर रबर घासल्याचा आवाज व्हायचा. मास्तरीण स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. वाईट वाटत होतं आणि जीव भांड्यातही पडला होता. ज्याला दाखवायला जायचं तोच वाटेत हरवला, तर ते तळं घेऊन करायचंय काय?

३

जायचा दिवस आला आणि गेला. पुढचे दिवस बरे गेले. फूटपट्टी गोळ्या वेळेवर घेई, सकाळी तीन फेऱ्या मारी, दुपारी झोपे. व्हॅन घरासमोरच्या छपराखाली उभी होती. भिंतीवरचा कागद मात्र त्याने काढू दिला नाही.

अडीच आठवड्यांनी, एका बुधवारी, मास्तरणीलाच राहवेना. ठरल्याप्रमाणे गेलो असतो तर आता परतीला लागलो असतो, हे तिच्या डोक्यात सारखं येत होतं. तिला वाटलं, निदान त्या कुरणावर दोन दिवस न्यावं याला. घरापासून दीड तास, पण मोठा दवाखाना तिथून पाऊण तासावर. तंबूत झोपल्याचं समाधान तरी मिळेल. शाळेच्या कचेरीत मधली सुट्टी होती. तिने डबा बाजूला सारला आणि कुरणाच्या मालकिणीला फोन लावला.

"या शनिवारी दोघांना जागा मिळेल का?" तिने आपला नंबर सांगितला.

पानं उलटल्याचा आवाज आला. "शनिवारी? ताई, तुमचं तर उद्याचंच आहे ना?"

"नाही हो, ते रद्द केलंय."

"रद्द कुठे? काल तुम्हीच फोन केलात. दोघांचं एकीचं करा म्हणालात. तंबू लावणार नाही, गाडीतच झोपेन, फक्त गरम पाणी ठेवा. काल आवाज फार बसला होता तुमचा. आज बरा वाटतोय."

मास्तरणीने दुसरं कुणीतरी असेल म्हटलं. वह्यांचा घोळ होतोच. तिच्या शाळेतही एकाच आडनावाच्या दोन बाया होत्या आणि एकीची परीक्षा दुसरीने दिली होती. मालकीण "असेल बाई" म्हणाली, पण गाडीचा नंबर वाचून दाखवलाच. तो बरोबर होता.

४

तिने डबा तसाच ठेवला. उद्याचं कुरण, म्हणजे आजच्या पवनचक्क्या. तिथला माणूस घाईत होता. "हो, संध्याकाळपर्यंत याल म्हणालात. या, या. फाटक उघडंच आहे." सुरूच्या बनातला रखवालदार म्हणाला, "सकाळी नऊला निघालात ना इथून? पाण्याचा कॅन विसरलात बघा. निळं झाकण."

निळ्या झाकणाचा कॅन घरी मोरीत होता. सकाळीच तिने त्यात पाणी भरलं होतं.

धरणावर कुणी फोन उचलला नाही. राहिलं तळं.

खूप वेळाने एका म्हाताऱ्या माणसाने फोन घेतला. मागे मोकळ्या रानातला वारा होता. तिने गाडीचा नंबर सांगितला.

"ताई," तो म्हणाला, "पोचलात का घरी?"

नाही म्हणावं, चुकीचा नंबर म्हणावं, असं तिला वाटलं. पण घसरत्या रस्त्यावर एकदम ब्रेक मारू नये, हे ती गेली सव्वीस वर्षं लोकांना शिकवत होती.

"अजून नाही," ती म्हणाली.

"काही खाल्लंत का?"

"हो."

"मला अजून समजत नाही बघा. तुम्ही आलात कधी, तेच मला दिसलं नाही. फाटक मीच उघडतो, कुणासाठी उघडलं नाही. रविवारी सकाळी बघतो तर तंबू उभा. दोन खुर्च्या. साहेब पाण्याकडे तोंड करून बसलेले. मला हात केला, छान हसले. आणि दुपारी तुमची हाक आली."

तिने कचेरीच्या भिंतीकडे बघितलं. तिथे रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता होता: थांबा, वळू नका, पुढे रस्ता अरुंद.

"त्रास झाला नाही हो त्यांना," म्हातारा म्हणाला. "कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन. चष्मासुद्धा डोळ्यांवर तसाच होता. मी म्हटलं, एकट्या एवढी गाडी हाणू नका, कुणाला बोलवा. तर तुम्ही म्हणालात, परतीचे मुक्काम धरलेले आहेत, मी जाईन."

"बरं," मास्तरीण म्हणाली. "आभारी आहे." आणि फोन ठेवला.

दारात शिंपीकाका उभे होते. पन्नाशीत गाडी शिकायला निघालेले, गिअर टाकताना सुईत दोरा ओवल्यासारखी जीभ बाहेर काढणारे. "मास्तरीण, आज रिव्हर्स ना?"

तिने रिव्हर्स शिकवलं. पूर्ण तास. आरशात बघा, काका. मागे काय येतंय ते आधी बघा. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि याचंच तिला नवल वाटलं.

५

घरी फूटपट्टी शब्दकोडं सोडवत बसला होता. जिवंत, चष्मा नाकावर, चहाचा कप हाताशी. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने वर पाहिलं. "काय गं? कुणाला धडकवलंस की काय?"

वर येण्याआधी ती व्हॅन बघून आली होती. इंजिन गार. गाडीवर घातलेल्या कापडावर धूळ. तिच्या वहीत लिहिलेला किलोमीटरचा आकडा आणि गाडीतला आकडा एकच.

भिंतीवरच्या कागदाकडे तिचं लक्ष गेलं. गेले अडीच आठवडे रोज दिसत होतं, पण बघितलं नव्हतं. निळं सगळं खोडलेलं होतं. लाल तसंच होतं.

"अहो, तुम्ही परतीच्या जागा रद्द केल्या होत्या?"

फूटपट्टीने कप उचलला, पुन्हा ठेवला. लबाडी पकडली गेलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला. "नाही केल्या. जाण्याच्या केल्या एकेक करून, मग हातच होईना. म्हटलं, राहू दे तेवढं. आणि असं बघ, जाणंच नाही म्हटल्यावर येणं आपोआप रद्द झालं ना? गेल्याशिवाय कोण परत येतं?"

तो हसला. तिलाही हसू आलं असतं, एरवी.

त्याला तिने काही सांगितलं नाही. दुबळ्या काळजाच्या माणसाला काय सांगणार, की तू रविवारी गेलास? ती गच्चीत गेली आणि राहिलेल्या दोन जागा रद्द करू लागली. आधी कुरण. मग पवनचक्क्या.

"रद्द?" पवनचक्क्यांचा माणूस गोंधळला. "अहो, आता तासाभरापूर्वी तर वाटेत आहे म्हणालात."

"रद्द करा. दोन्ही वेळा मीच बोलतेय ना? आत्ताचं खरं."

"तुमची मर्जी. पण ताई, एवढ्या लांबून आलात, मध्ये कुठे टेकणार नाही? मग काय, थेट घर गाठणार?"

फोन बंद झाला तरी ती तो कानाशी धरून उभी होती. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बाई घरी पोचायला शुक्रवार संध्याकाळपर्यंतची सवड होती, ती तिने आपल्याच हाताने घालवली होती.

६

गुरुवारी तिने रजा काढली. फूटपट्टीला घेऊन मुलीकडे जावं, असा विचार आला. पण व्हॅन काढणं, सामान भरणं, रस्त्याला लागणं या सगळ्याचीच आता तिला धास्ती वाटत होती. जाणं म्हटलं की तळ्याकडे तोंड केल्यासारखं. घरातच राहायचं, तिने ठरवलं. दार, कडी, आणि हा माणूस डोळ्यांसमोर.

सकाळी पवनचक्क्यांच्या माणसाचा आपणहून फोन आला. त्याला चैन पडत नसावं.

"काल दिवस मावळता आल्या होत्या त्या. म्हणजे तुम्ही. जागा नाही म्हणून सांगितलं. भांडल्या नाहीत, काही नाही. मान हलवली आणि गाडी वळवली. ताई, मी फाटक लावलं खरं, पण मला जेवण गेलं नाही."

तळ्यापासून एकटीने आलेली, दिवसभर गाडी चालवून दमलेली ती बाई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिला दारातून हाकलायला आपणच सांगितलं. भीती होतीच, पण त्या घटकेला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

दुपारी फूटपट्टी झोपला. तिने त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवलं आणि खिडकीशी मटार सोलत बसली. समोरच्या घरातली बाई दोरीवरचे कपडे काढत होती. पोस्टाची गाडी येऊन गेली. चारच्या सुमाराला कोपऱ्यावर एका गाडीने गिअर बदलला आणि मास्तरणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. सव्वीस वर्षांत तिने हजारो लोकांचे पाय क्लचवर ओळखले होते. हा पाय तिला ओळखायची गरज नव्हती.

व्हॅन सावकाश आली. फाटकासमोर थांबली. चाकांपासून काचेपर्यंत पांढरी पूड बसलेली होती, मिठासारखी. छपराखाली त्यांची व्हॅन कापडाखाली तशीच उभी होती.

समोरची काच उन्हाने चमकत होती. मग ढग सरकला आणि आतलं दिसलं. स्टिअरिंगवर दोन हात. चेहरा तिने नीट बघितला नाही. आरशात अचानक आपण दिसलो की नजर वळते, तशी तिची वळली. पण शेजारची सीट दिसली. सीटवर फूटपट्टीचा राखाडी स्वेटर होता, नीट बसवलेला, आणि त्यावरून पट्टा लावलेला.

ती बाई उतरत नव्हती. घर बघत होती. मान वर करून एकेका खिडकीकडे बघत होती.

"कोण आलंय गं?" फूटपट्टी मागे उभा होता, डोळे चोळत. अंगात तोच राखाडी स्वेटर. "आपल्यासारखीच व्हॅन दिसते. तुझी विद्यार्थिनी का?"

पडदा ओढायला अर्धा क्षण होता. तिचा हात पडद्यापर्यंत गेलाही. पण कालचं फाटक तिला आठवलं. एकदा हाकललं, दुसऱ्यांदा कसं हाकलू? एवढ्या लांबून आली ती काय घर बघायला? बघून घेऊ दे एकदा बिचारीला. तिच्या जागी मी असते, तर मला एवढं तरी कुणी दिलं असतं का?

"हो," ती म्हणाली. "जुनी ओळख आहे. हात करा तिला."

फूटपट्टी पुढे झाला आणि त्याने हात हलवला. छान हसला.

खालच्या बाईचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटले. ती कितीतरी वेळ वर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. मास्तरणीलाही भरून आलं. झालं, तिला वाटलं, आता ती जाईल.

मग ती बाई बाजूला वळली. तिने शेजारच्या सीटचा पट्टा सोडला. स्वेटर उचलला, घडी केली, मागे ठेवला. आणि आतून हात लांब करून त्या बाजूचं दार उघडलं.

"बोलावतेय वाटतं," फूटपट्टी म्हणाला. "काहीतरी अडलं असेल. बघून येतो." तो चपला शोधू लागला. त्याच्या आवाजात उत्साह होता, तीन आठवड्यांत नव्हता तेवढा.

"अहो, नको."

"अगं, दार उघडून बसलीये बिचारी."

मास्तरणीने दाराची वरची कडी लावली, खालची लावली, आणि दाराला पाठ टेकून त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. त्याच्या मनगटातला ठोका तिच्या बोटांना लागत होता. एक चुकला. पुढचा आला.

"तुझे हात केवढे गार पडलेत!" तो म्हणाला. "असं काय करतेस? जाईल ना ती."

खाली इंजिन बंद झालं. दार लागल्याचा आवाज आला नाही. ती थांबणार होती. किती वेळ थांबेल, हे मास्तरणीला कुणी सांगायला नको होतं. या माणसासाठी आपण किती थांबलो असतो, ते तिला पक्कं ठाऊक होतं.